भोईरकाकांचा रक्तपिपासू सरदार

भिवंडीत नवीन माणूस भेटला की लोक त्याला गाव विचारतात, मग आडनाव, मग पगार. भोईरकाका यातलं काहीच विचारत नसत. मी निजामपुऱ्यात त्यांच्याकडे भाड्याची खोली बघायला गेलो, तेव्हा त्यांनी मला ओट्यावर बसवलं, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "मास्तर, तो रक्त पिणारा सरदार येतो ना, इंग्लिश, ब्लॅक अँड व्हाइट? ते पिक्चर बघितलंय काय?"

मी म्हटलं, "नाही."

"मंग खोली तुमची. येत्या शुक्रवारी सकाळी खाली या. उपाशी येऊ नका, अडीच-तीन तास जातात."

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. एका मराठी शाळेत मला नुकतीच नोकरी लागली होती, शाळा दुपारची. खोली हवेशीर होती, नळाला पाणी होतं, आणि त्यासाठी एक पिक्चर बघायचं तर माझी हरकत नव्हती. एकच पिक्चर दर शुक्रवारी बघायचं आहे, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

पद्माकर भोईर मूळचे खारबावचे. शेतकऱ्याच्या घरातले. बसस्टँडवर कंट्रोलर होते. गाड्या लावणं, ड्रायव्हर-कंडक्टरांवर ओरडणं आणि माइकवरून घोषणा करणं हे त्यांचं काम. आवाज असा खणखणीत, की माइक बंद पडला तरी वडप्याची गाडी कुणाची चुकत नसे. घरीही ते घोषणाच करत. "जेवण तयार हाय. जेवणारांनी पाटावर यावं," असं त्यांच्या तोंडून मी स्वतः ऐकलं आहे, आणि तेव्हा जेवणारे आम्ही दोघंच होतो.

त्यांचं आवडतं वाक्य म्हणजे, "आधी गुण, मंग दोष." ही पद्धत ते कशालाही लावत. आमटी, नवीन पूल, कुणाची सून, माझं शिकवणं. गल्लीतले एक पुढारी वारले तेव्हा शोकसभेत काकांना दोन शब्द बोलायला उभं केलं. काकांनी गुण इतके छान सांगितले की लोकांनी डोळे पुसले. मग काका म्हणाले, "आता दोष," आणि माइक त्यांच्या हातातून काढून घेईपर्यंत पुढाऱ्यांचे तीन दोष सांगून झाले होते. "अर्धवट झालं ते," असं ते नंतर मला कळवळून म्हणाले. दोषांबद्दल त्यांना जराही पश्चात्ताप नव्हता.

शुक्रवार कशासाठी, ते मला पहिल्याच शुक्रवारी कळलं. भिवंडीत रात्रंदिवस यंत्रमाग चालतात. त्या खटखटीत माणूस जेवतो, झोपतो, भांडतो. शुक्रवारी माग बंद असतात, तेव्हा आपल्याला कान आहेत हे आठवतं. सगळे कंट्रोलर साप्ताहिक सुट्टीला रविवार मागत. काकांनी भांडून शुक्रवार घेतला होता. "हे पिक्चर शांततेचं हाय," ते म्हणत. "खटखटीत बघणं म्हणजे मासळीबाजारात देवाची पूजा करणं."

शांतता पुरी व्हावी म्हणून ते पंखाही बंद करत. काळोख व्हावा म्हणून खिडक्यांवर शेजारच्या अन्सारीभाईंच्या कारखान्यातलं जाड कापड ठोकत. त्या खोलीत मे महिन्यात आम्ही सतरंजीवर बसून घाम पुसत असू, आणि पडद्यावर बर्फाळ डोंगरातला किल्ला दिसे. भाच्यानं दुबईहून आणलेला व्हीसीआर होता. कॅसेट इतकी झिजली होती की सरदार जिन्यावरून उतरताना मध्येच दोन तुकड्यांत दिसे, आणि नव्या माणसाला वाटे की ही त्याची विद्याच आहे.

पिक्चर संपलं की चर्चा. तिचे नियम काकांनी केलेले आणि ते कडक. एका वेळी एकानंच बोलायचं. बोलताना स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून बसायचं, कारण "उजेड तिथनं येतो." प्रत्येकानं एक गुण आणि एक दोष सांगायचा. मला तर त्यांनी पहिल्याच महिन्यात मिशी कातरायला लावली. "ओठावर येते. माणूस काय बोलतो, समजत न्हाय," असं त्यांचं म्हणणं. मला वाटलं, वडीलकीचा सल्ला आहे. कातरली.

काकांचे स्वतःचे गुणदोष ठरलेले होते. गुण असा, की पहिला अर्धा तास कुणी फारसं बोलत नाही आणि तरी सगळं कळतं. पाहुणा किल्ल्यात येतो, कोळिष्टकं, लांबच लांब जिना, हातात मेणबत्ती घेतलेला सरदार. "तो घाबरवायची घाई करत न्हाय. नुसता बघतो. आपल्या हिंदीतला भूत आल्या आल्या नाचायला लागतो." दोष दोन. एक म्हणजे वटवाघूळ. "दोरी दिसते. दोरी दिसली की भीती मेली." आणि दुसरा, ज्याचा त्यांना मनापासून राग होता, तो शेवट. सरदाराच्या छातीत मेख ठोकतात ती भिंतीपलीकडे. नुसता आवाज येतो. "एवढा मोठा माणूस मारला आणि दाखवला न्हाय. लग्नाला बोलावलं, मांडवात बसवलं आणि जेवायलाच वाढलं न्हाय, तशातली गत."

अन्सारीभाई उत्तरेकडून आलेले, चार मागांचे मालक. ते कापडाच्या बाहेर जात नसत. "गुण, उसका झगा. साटन एकदम असली है. दोष, किनार कच्ची आहे. दोन धुलाईत उसवेल." काका मान डोलावून म्हणत, "मुद्दा बरोबर हाय. पुढचा."

माझ्या वाट्याला उरलंसुरलं येई. एकदा मी म्हटलं की मधला भाग कंटाळवाणा आहे. किल्ला सोडून सगळे शहरात येतात आणि एका दिवाणखान्यात उभे राहून नुसते बोलतात. काकांनी माझ्याकडे प्रथमच आदरानं बघितलं. "खरा दोष हाय. तिथं माझी पण पंचाईत होते." कसली पंचाईत, ते मी विचारलं नाही.

या सगळ्यात सुमनकाकी कुठे होत्या? त्या स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसलेल्या असत. निवडायला तांदूळ किंवा भाजी, आणि चेहरा आमच्याकडे. बोलत नसत. मला त्या फार अगत्याच्या वाटत. वरून जिन्यातून मी ओरडून विचारावं, "काकी, चावी आहे का?" आणि त्यांनी चहा आणून द्यावा. पाणी कधी येणार म्हणून विचारलं तर केळी दिली. या घरात प्रश्न विचारला की काहीतरी खायला मिळतं, एवढं माझ्या ध्यानात आलं होतं.

नव्वद साल उलटलं आणि गल्लीत केबल आली. घरोघरी दिवसभर पिक्चर सुरू झाले, तेही रंगीत. काकांच्या शुक्रवारची माणसं गळायला लागली. आधी शेजारचे टेलर गेले, मग पोस्टमन गेला. काकांनी हार मानली नाही. गुरुवारी संध्याकाळी ते दारोदार फिरून आमंत्रण देत. दूधवाल्याला अडवत. वीजबिल द्यायला आलेल्या माणसाला त्यांनी एकदा सरळ आत बसवून घेतलं होतं. लोक त्यांना बघून गल्ली बदलायला लागले. मुलं मागून "सरदार, सरदार" ओरडायला लागली. शेवटी सतरंजीवर अन्सारीभाई आणि मी असे दोघंच उरलो, आणि अन्सारीभाईही म्हणायला लागले, "मास्तर, ह्यांना समजवा. लोग हँसते हैं."

एका संध्याकाळी मी शाळेतून सुटल्यावर बसस्टँडवर गेलो. कँटीनमध्ये काकांनी माझ्यासाठी चहा मागवला. मी म्हटलं, "काका, एकदा दुसरं पिक्चर आणा. लोक पुन्हा येतील."

"दुसरं चालायचं न्हाय."

"का चालायचं नाही? हेच का?"

काकांनी कप खाली ठेवला. त्यांचा आवाज लहान झालेला मी पहिल्यांदा ऐकला.

"काकीला ऐकू येत न्हाय, मास्तर."

मग त्यांनी सांगितलं. लग्न झाल्यापासून काकी मागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला जात. त्या खटखटीत सगळं तारुण्य गेलं. कान हळूहळू गेले. आधी त्यांनी कुणाला सांगितलं नाही, काकांनाही नाही. हळदीकुंकवाला कुणीतरी सासूची तब्येत विचारली आणि काकींनी "झकास, दोन रांधल्या" असं सांगितलं, त्यांना वाटलं मासळीचं विचारतात. सगळ्या बायका हसल्या. तेव्हापासून काकींनी बाहेर जाणं सोडलं. कुणी घरी आलं तर आत जाऊन बसत.

"मशीन आणलं कानाचं. ते लावलं की माग चौपट वाजतात म्हणते. काढून टाकलं. मंग भाच्यानं व्हीसीआर दिला. हिंदी पिक्चर लावले, त्यात नुसती बडबड आणि गाणी. ती उठून जायची. एकदा लायब्ररीवाल्यानं चुकून ही कॅसेट दिली. मास्तर, ती हलली न्हाय जागची. सरदार जिन्यावरनं उतरला तशी माझं मनगट धरलं तिनं. सुरुवातीला बोलणंच न्हाय ना त्यात. तिला सगळं समजलं. मधलं दिवाणखान्यातलं बोलणं तेवढं मला समजावून सांगावं लागतं, तीच माझी पंचाईत."

"आणि चर्चा?"

"तिला माणसं पायजेत. पण चारजण एकदम बोलले की तिला ओठ समजत न्हायत. म्हणून एकेकानं बोलायचं, तिच्याकडे तोंड करून. पिक्चर तेच असलं, आणि आधी गुण येणार मंग दोष येणार हे ठाऊक असलं, की ओठ वाचायला सोपं जातं. माणूस दोरी म्हणतोय का शिडी, ते तिला आधीच माहीत असतं." त्यांनी कप पुन्हा उचलला. "तुम्ही तिला हे बोलायचं न्हाय. तिला वाटतं मला पिक्चरचं येड हाय. तसंच वाटू द्या."

मी शाळेतल्या दोन शिक्षकांना शुक्रवारी घेऊन आलो. ते पुन्हा आले नाहीत, मी दुसरे दोघं आणले. शुक्रवारी चर्चा लांबली की मी शाळेत उशिरा पोचत असे आणि हेडमास्तरांना वाटे मला पोटाचा विकार आहे. अन्सारीभाईंना मी काही सांगितलं नाही, पण त्यांचं सगळं आयुष्य मागांमध्ये गेलेलं. त्यांना बहुधा माझ्या आधीच कळलं होतं. ते दाढी बारीक करून येत.

अशाच एका शुक्रवारी पिक्चर संपलं. अन्सारीभाईंनी सुरुवात केली, "गुण, उसका झगा. साटन—"

"हे मागच्या वेळी बोललात तुम्ही," दारातून आवाज आला.

आवाज मोठा होता आणि सरळ, त्यात चढउतार नव्हता. आम्ही सगळे वळलो. काकी तांदळाचं सूप मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"त्याच्या मागच्या वेळी पण हेच. नवीन सांगा, न्हायतर पुढच्याला द्या."

अन्सारीभाईंनी कानाच्या पाळीला हात लावला. "सही बात है, भाभी. आप बोलो."

काकींनी सूप खाली ठेवलं. पदर नीट केला. "गुण म्हणजे त्या सरदाराचे डोळे. तो ज्याच्याशी बोलतो त्याच्याकडे बघून बोलतो. माणसं बघत न्हायत." मग त्यांनी काकांकडे बघितलं. "दोष सांगते. त्या पोरीवर संकट येतं, आणि सगळे बाप्ये दिवाणखान्यात उभे राहून तिच्यावर बोलत बसतात. तिला कसं वाचवायचं, कुठं निजवायचं, दार कधी लावायचं. सगळे तिच्यासाठी मरतात. पण तुला काय पायजे, असं तिला एकजण विचारत न्हाय."

काका सतरंजीवर बसल्या बसल्या आपल्या हातांकडे बघत होते. "मुद्दा बरोबर हाय," हे त्यांचं नेहमीचं वाक्य त्यांच्या तोंडून आलं नाही. ते उठले, दारापर्यंत गेले आणि काकींसमोर उकिडवे बसले. घोषणेचा आवाज नव्हता. आवाजच नव्हता खरं तर, नुसते ओठ हलले. पण इतके सावकाश, की मलासुद्धा वाचता आले.

"तुला काय पायजे?"

"दुसरं पिक्चर," काकी म्हणाल्या. "हे मला पाठ झालं. तुम्हाला आवडतं म्हणून बघते इतकी वर्षं."

अन्सारीभाई आधी हसले, मग मी. काका हसले की आणखी काही झालं ते मला दिसलं नाही, त्यांची पाठ आमच्याकडे होती.

"कसलं आणू?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला काय कळतंय? मी येते."

काकींनी पायात चपला घातल्या. मी वर गॅलरीत जाऊन उभा राहिलो. गल्ली शांत होती, माग बंद होते, जुम्याच्या नमाजाला माणसं निघाली होती. काका काकींच्या अर्धं पाऊल पुढे चालत होते, तेही तोंड मागे वळवून, म्हणजे त्यांना ओठ दिसावेत. बोलणं काही संपत नव्हतं. अशा चालण्यानं त्यांचा धक्का आधी एका सायकलला लागला आणि मग ते सुताच्या हातगाडीवर आदळणार, तेवढ्यात काकींनी त्यांची बाही धरून त्यांना बाजूला ओढलं. हातगाडीवाला काहीतरी ओरडला. काकींनी त्याच्याकडे बघून सावकाश मान हलवली, नवऱ्याची बाही धरलेलीच ठेवली, आणि दोघं कोपऱ्यावरच्या व्हिडिओ लायब्ररीकडे वळली.