अर्जबुवांच्या बायकोची अटक

"पोलिसांकडून कागद आणायचा? त्यात काय एवढं! अर्ज माझा असला की मोठा साहेबसुद्धा खुर्चीतून उठतो!"

सकाळचा चहा पिता पिता अर्जबुवांनी हे जाहीर केलं आणि तिथूनच त्या दिवसाची वाट लागली.

अर्जबुवा हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ते पंख्यांच्या कारखान्यात नोकरीला होते, पण त्यांचा जीव सगळा अर्जांत. नळाला पाणी नाही, अर्ज! जिन्यात दिवा नाही, अर्ज! शेजारच्यांचा पोपट अपशब्द बोलतो, अर्ज! जांभळी शाई, टपोरं अक्षर, ऐटदार वळणं, आणि शेवटी ठरलेली ओळ : 'प्रत माहितीसाठी : अग्निशामक दल, पाणी खातं, पोलीस ठाणं.' पोपटाच्या अर्जाचीसुद्धा एक प्रत अग्निशामक दलाला गेली होती.

या वेळचं काम मात्र खरोखर महत्त्वाचं होतं. त्यांची बायको मुलींच्या वसतिगृहात कितीतरी वर्षं मदतनीस होती. मुख्य अधीक्षिकेची जागा रिकामी झाली आणि सगळ्या मुलींनी एका सुरात सांगितलं, आम्हाला याच बाई हव्यात! संस्थेनंही मानलं. फक्त एक अट घातली. बाईंच्या नावावर कधी अटकेची नोंद नाही असा पोलिसांचा दाखला उद्या संध्याकाळपर्यंत हवा, नाहीतर दुसऱ्या बाईंना बोलावणार.

"अहो, साधा कागद लिहा," बायको म्हणाली. "नाव, पत्ता, कशासाठी हवाय ते. मी खाली सही करते आणि माझ्या वतीनं तुम्ही न्या. माझ्या ओळखपत्राची नक्कल घ्या बरोबर."

"साधा? अगं, पोलिसांना साधं कळत नाही!" असं म्हणून अर्जबुवांनी तब्बल चार पानं लिहिली. बायकोनं फक्त शेवटचं पान वाचलं, उसासा टाकला आणि सही केली.

ठाण्यातल्या नोंदींच्या खिडकीत एक पोलीसबाई बसल्या होत्या. त्यांनी चारही पानं उलटसुलट करून पाहिली.

"काका, हे काय आहे?"

'काका' हा शब्द अर्जबुवांना लागला. "अर्ज आहे."

"असं होय! मला वाटलं आत्मचरित्र. हवंय काय नक्की? घटनेची नोंद की अटकेची?"

"दोन्हींत फरक असतो?"

"असतो ना. घटनेच्या नोंदीत काय घडलं ते असतं, अटकेच्या नोंदीत कुणाला धरलं ते. दोन्ही दप्तरं वेगळी. तुम्हाला बहुतेक 'अटक नाही' एवढाच दाखला लागेल."

"दोन्ही द्या! कमी मागणं माझ्या स्वभावात नाही!"

पोलीसबाईंनी ओळखपत्र पाहिलं, नाव-पत्ता संगणकात घातला. बोटं टकटक चालली होती ती एकदम थांबली. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग अर्जबुवांकडे, मग पुन्हा पडद्याकडे.

"काका, बसा."

"मी उभाच बरा."

"बसा म्हणते ना!"

अर्जबुवा बसले. यंत्रातून एक कागद बाहेर आला. त्यावर लिहिलं होतं : 'दातांच्या दवाखान्याच्या इमारतीतील लिफ्टमध्ये चोरास व त्याच्या साथीदार महिलेस अटक.' आणि त्या महिलेपुढे नाव होतं अर्जबुवांच्या बायकोचं! पत्ताही घरचाच!

"तारीख गेल्या हिवाळ्यातली आहे," पोलीसबाई हळू आवाजात म्हणाल्या. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

जो माणूस पोपटावर दोन पानं लिहितो, त्याला साधं 'नाही' म्हणता येईना!

घरी जाताना त्यांच्या डोक्यात नुसता गोंधळ माजला होता. आपली बायको? जी भाजीवाल्यानं चुकून एक कांदा जास्त टाकला तर परत द्यायला जाते, ती? आधी त्यांना राग आला, मग भीती वाटली, आणि कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दुकानापाशी येईपर्यंत, खरं सांगायचं तर, चक्क कौतुक वाटायला लागलं. चोरी करायची, पकडलं जायचं, सुटून यायचं, आणि घरी येऊन चेहऱ्यावर काही न दाखवता नवऱ्यासाठी स्वेटर विणायला बसायचं! केवढी ही छाती! आपल्याला साधा सर्दीचा त्रास लपवता येत नाही!

घरी बायको चादरींच्या घड्या घालत होती. अर्जबुवांची आई खिडकीशी बसून चष्मा पुसत होती.

"मिळाला दाखला?" बायकोनं विचारलं.

अर्जबुवांनी दार लावलं. कडी घातली. खिडकीचा पडदा ओढला.

"मला सगळं कळलंय," ते कुजबुजले. "पण मी तुझ्या पाठीशी आहे. चोरीचा माल कुठंय?"

"कसला माल?"

अर्जबुवांनी कागद पुढे धरला. आईनं चष्मा चढवला आणि सुनेच्या आधी तिनंच तो वाचला.

"अगं बाई! साथीदार?" आईच्या आवाजात धक्क्यापेक्षा नाराजी जास्त होती. "काहीतरी चूक आहे रे. माझी सून कुणाच्या हाताखाली काम करणारी नाही. केलंच असतं तर मुख्य चोर तीच झाली असती!"

बायकोनं कागद घेतला, वाचला आणि पलंगावर बसून इतकी हसली की घडी घातलेल्या चादरी पुन्हा विस्कटल्या. हसता हसता तिची नजर पुन्हा कागदावर गेली.

"म्हणजे उद्या संध्याकाळी हा कागद संस्थेत द्यायचा?" तिचा आवाज अगदी बारीक झाला. "मुलींनी माझं नाव किती विश्वासानं घेतलंय हो! त्यांना काय वाटेल?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं अर्जबुवांना दिसलं. संसारात त्यांनी तिला रडताना फारसं पाहिलंच नव्हतं. त्यांनी खुंटीवरचा निळा स्वेटर डोक्यातून घातला, कारण बाहेर गारठा पडायला लागला होता.

"ऊठ! आत्ताच्या आत्ता साहेबांना भेटू! कुणा नालायकानं ही नोंद केलीय, त्याला घरी बसवल्याशिवाय माझं नाव लावणार नाही!"

"अहो, पण आधी काय झालं ते तरी ऐका."

"तिथंच सांग! साहेबांसमोर सांग!"

पुन्हा ठाणं. पोलीसबाईंनी दोघांना मोठ्या साहेबांपुढे नेऊन बसवलं. साहेब झुबकेदार मिशांचे, पण आवाजानं मऊ.

"बोला बाई. न घाबरता बोला."

"त्या दिवशी मी दाढ काढायला गेले होते," बायको सांगू लागली. "दातवाल्यानं अर्धं तोंड बधिर केलेलं. लिफ्टमध्ये शिरले, मागोमाग एक माणूस धावत आला, हातात बायकी पर्स. दार बंद होता होता वरून कुणीतरी ओरडलं, चोर चोर! मलाही ओरडायचं होतं, पण तोंडातून 'भ'शिवाय अक्षर निघेना. मग मी लाल बटण दाबलं. लिफ्ट मध्येच थांबली."

"आणि चोर अंगावर नाही आला?" अर्जबुवा खुर्चीच्या टोकावर आले होते.

"छे! त्याला बंद जागेची भीती होती बिचाऱ्याला. घामाघूम झाला, लटलट कापायला लागला. वसतिगृहात नवी मुलगी रडायला लागली की मी तिच्या हाताला काम देते. हात गुंतले की जीव शांत होतो. माझ्या पिशवीत लोकरीची लड होती. खुणेनं म्हटलं, धर. त्यानं दोन्ही हात पुढे केले, मी त्याच्या हातांवर लड चढवली आणि लोकरीचा गुंडा करत बसले. पोलिसांनी दार उघडलं तेव्हा लड अर्धी उरली होती."

साहेबांनी टेबलावर थाप मारली. "थांबा! पोलीसबाई, त्या दिवसाची घटनेची नोंद आणा!"

घटनेच्या नोंदीत लिहिलं होतं : 'चोराचे दोन्ही हात निळ्या लोकरीत गुंतलेले आढळले. बेड्या घालण्यासाठी लोकर कापावी लागली. एक अनोळखी महिला अगम्य भाषेत काही बोलून निघून गेली.'

"अगम्य नाही हो साहेब! मी नाव-पत्ता सगळा सांगितला होता!"

"अहो बाई, त्या महिलेला आम्ही किती शोधलं! दुभाष्यालासुद्धा बोलावलं होतं!" साहेब मिशीत हसले. मग मात्र गंभीर झाले. "पण ती तुम्हीच कशावरून? उद्या कुणीही येऊन म्हणेल, मीच ती. काही पुरावा?"

पुरावा कुठून आणणार? अर्जबुवांनी कधी नव्हे ते अर्ज न लिहिता विचार केला. विचार करताना त्यांना बाह्या वर सारायची सवय होती. त्यांनी उजवी बाही वर सारली, मग डावी सारायला गेले आणि तिच्याकडे पाहतच राहिले.

स्वेटर निळा होता. पण डावी बाही कोपरापासून खाली करड्या रंगाची होती! अख्खा हिवाळा कारखान्यातले लोक त्यावरून हसले होते आणि अर्जबुवा घरी येऊन कुरकुरले होते. तेव्हा बायको एवढंच म्हणाली होती, "लोकर कमी पडली."

"लोकर कमी का पडली होती गं?" त्यांनी श्वास रोखून विचारलं.

"पोलिसांनी कापून नेली ना! पुन्हा तोच रंग कुठं मिळायला?"

पोलीसबाई धावत जाऊन जप्त वस्तूंच्या खोलीतून एक पाकीट घेऊन आल्या. त्यात निळ्या लोकरीचा गुंता होता. साहेबांनी तो अर्जबुवांच्या उजव्या बाहीला लावून पाहिला. तोच रंग, तोच पीळ! फरक औषधालाही नाही!

साहेब उठले. खुर्ची मागे सरली. त्यांनी टाचा जुळवून बायकोला कडक सलाम ठोकला. अर्जबुवांनाही उठावंसं वाटलं, म्हणून तेही उठले. सलाम कसा करतात ते माहीत नव्हतं, तेव्हा त्यांनी नुसतीच करडी बाही कपाळाला लावली. उद्यापासून हा स्वेटर उन्हाळ्यातसुद्धा घालायचा, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

"त्या चोराचा जबाब ऐकायचाय?" पोलीसबाई म्हणाल्या. "म्हणतो, 'बाई एक शब्द वाईट बोलल्या नाहीत. खुणेनं धर म्हणाल्या, धरलं. पळायचं लक्षातच राहिलं नाही.'"

"वा!" अर्जबुवा गरजले. "आणि अशा माझ्या बायकोला तुम्ही साथीदार ठरवलंत! कुणी केली ही नोंद? त्याला घरी बसवा! मी अर्ज देतो! प्रत वरिष्ठांना!"

"केली आमच्याच माणसानं," साहेब म्हणाले, "पण अनोळखी महिलेचं नाव त्याला कळलं कुठून? आधार काय होता?"

पोलीसबाई फाईल चाळत होत्या. एका कागदापाशी त्या थांबल्या आणि त्यांनी खालचा ओठ दातांखाली दाबला.

"साहेब, दुसऱ्याच दिवशी एक अर्ज आला होता, त्या इमारतीच्या लिफ्टबद्दल. 'प्रत माहितीसाठी' म्हणून. आपल्या माणसानं तोच या घटनेला जोडला. त्यात लिहिलंय, 'माझी पत्नी' — पुढे नाव आहे — 'काल सायंकाळी सदर लिफ्टमध्ये अटकली.' अटकली म्हणजे अटक झाली, असं समजून..."

"अटकली? हा काय शब्द झाला?" अर्जबुवा ओरडले. "कुठल्या अडाण्यानं लिहिलंय? बघू इकडे!"

पोलीसबाईंनी कागद पुढे केला. जांभळी शाई. टपोरं अक्षर. ऐटदार वळणं. 'अडकली' मधल्या 'ड'च्या पोटातला वळसा ऐटीच्या नादात असा सरळ ओढलेला, की 'ड'चा स्वच्छ 'ट' झालेला! आणि खाली लफ्फेदार सही.

वरचा पंखा तेवढा करकरत होता. तो अर्जबुवांच्याच कारखान्यातला होता.

"त्याला घरी बसवायचं म्हणत होतात ना तुम्ही?" साहेबांनी मऊ आवाजात विचारलं.

"हो... म्हणजे... बसतो मी," अर्जबुवा म्हणाले.

बायकोनं साहेबांकडून कोरा कागद मागून घेतला आणि दोन ओळी लिहिल्या : 'माझ्या नावावरची अटकेची नोंद चुकीची आहे. ती दुरुस्त करून दाखला द्यावा.' सही केली. साहेबांनी तिथल्या तिथे घटनेच्या नोंदीत अनोळखी महिलेचं नाव घातलं, अटकेच्या नोंदीतलं काढलं आणि दाखल्यावर शिक्का मारला. तो वाळेपर्यंत पोलीसबाईंनी सगळ्यांना चहा पाजला.

परतताना दाखला बायकोच्या पिशवीत होता आणि ती भरभर चालत होती. अर्जबुवा दोन पावलं मागे होते. एवढी मोठी बाई आपल्या घरात राहते, आपल्या शर्टांची बटणं लावते, आणि आपल्याला पत्ता नाही! शेवटी त्यांच्यानं राहवेना.

"अगं, एवढा चोर पकडलास तू! मला त्याच रात्री का नाही सांगितलंस?"

बायको थांबली. करड्या बाहीवरचा एक सुटलेला धागा तिनं बोटानं आत सारला.

"सांगत होते की! 'लिफ्टमध्ये अडकले' एवढं ऐकलंत आणि तुम्ही कागद घेऊन बसलात. मी तरी म्हणत होते, अहो ऐका ना, पुढे गंमत आहे. तुम्ही मान वर न करता म्हणालात, 'गप्प बस गं जरा, महत्त्वाचा शब्द लिहितोय, चुकेल!'"