साळूअक्काच्या तोंडातलं सोनं

दुसऱ्याची वस्तू सांभाळावी आणि नीट पोचवावी तर ती मीच, याबद्दल अख्ख्या भोर तालुक्यात दुमत नसावं. मी कुणाला विचारलेलं नाही, एवढंच!

नव्व्याण्णव सालची गोष्ट. टेम्पोवाल्या जलालभाईंची फौजिया पुण्याला प्रयोगशाळेत शिकत होती. पुढच्या शिक्षणाला तिला जर्मनीचं बोलावणं आलं. जलालभाई म्हणाले, "तिथं जाऊन करनार काय, ते आधी भोरात माझ्या डोळ्यांम्होरं दाखव. मग खुशाल जा."

म्हणून ती भोरच्या कॉलेजात यंत्र आणणार होती. पिठाहून बारीक सोन्याच्या कणांना दुसऱ्याच जिवाचं जनुक चिकटवायचं आणि गॅसच्या दाबाने ते कण थेट कांद्याच्या पेशीत मारायचे! यंत्र बापाच्या टेम्पोतून येणार. त्या सोन्याच्या पुडीची चिमुकली कुपी सामानात हादऱ्यांनी फुटेल, म्हणून हातात धरून न्यायला ती आदल्या दिवशी माझ्याकडे दिली.

मी ती वरव्याला, माझ्या गावी आणून घरातल्या सर्वांत सुरक्षित जागी ठेवली. कोनाड्यात, थोरल्या बहिणीच्या, साळूअक्काच्या, मिश्रीच्या डबीशेजारी. तिकडे चोरसुद्धा नाक दाबून फिरेल!

सकाळी टेम्पोचा हॉर्न वाजला. बघतो तर कुपी रिकामी! ओट्यावर साळूअक्का निवांत दात घासत होती.

"अक्का, ह्यातली पूड?"

अक्काने हनुवटी आभाळाकडे केली, तोंडातलं सांडणार नाही अशी. "डबी सपली व्हती. पर आन्द्या, कसली रं ही? जरा बी झणका न्हाई!"

सोनं इतकं बारीक झालं की तपकिरी दिसतं, हे विज्ञान मला तेव्हा कळलं.

"थुंकू नको!" मी असा ओरडलो की जलालभाई पाना घेऊनच खाली उतरले.

त्यांच्यामागून उतरलेली फौजिया मटकन पायरीवर बसली. "काका! दुसरं सोनं आता पुण्यालाच!"

"अक्काला काही होईल का?"

"त्यांना काही नाही होत. जनुक लावलंच नव्हतं. नुकसान झालं ते माझंच!"

"गाळून घेऊ की," मी म्हणालो. कॉलेजात गाळणकागद असतो, एवढं मला ठाऊक होतं.

अक्काला केबिनमध्ये मधोमध बसवलं. कापूरहोळच्या पुढे प्रत्येक खड्ड्याला आम्ही तिघं तिच्या ओठांकडे बघत होतो. रस्त्याकडे कुणीच नाही! "गिळू नका, आत्या!" "थुंकू नको!" "आवो, शिंकू नगा!"

कॉलेजच्या फाटकात फौजियाने अक्काच्या तोंडात बॅटरी मारून पाहिलं आणि मान हलवली. "नाही चालणार. गाळूनसुद्धा."

जलालभाईंनी इंजिन बंद केलं.

"मला येक सांग," ते म्हणाले, "ते सोनं कांद्यात शिरून करतं काय?"

"काहीच नाही, अब्बा. जनुक आत पोचवायचं, बस्स. पुढचं काम जनुकाचं. सोनं तिथंच पडून राहतं."

"म्हंजे टेम्पोच की! माल उतरला, काम सपलं!"

"हो, अब्बा. फक्त हा पेशीची भिंत फोडून आत जातो."

"अगं, मग हे आधी बोलायचं न्हाई? तीस वर्सं म्या दुसरं काय करतोय! त्ये बी भिंत न फोडता!" त्यांनी स्टिअरिंगवर थाप मारली. "जा जर्मनीला! लई शिक!"

फौजिया रडायला लागली. जलालभाईंनी डोळे पुसले. मीही खिशात रुमाल शोधत होतो, तेवढ्यात कुणीतरी माझी बाही ओढली.

अक्का. हनुवटी अजून आभाळाकडेच.

"मंग म्या आता चूळ भरू का?"