दूधपांढरा

बाई चहा गाळायला उठल्या आणि तेवढ्यात रंगारीकाकांनी कॉम्प्युटरचा ब्राइटनेस पूर्ण वाढवला.

बाई परत येऊन खुर्चीत बसल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी डोळे झाकले. "अहो! पुन्हा?"

"अगं, त्या अंधारात काय दिसणार तुला?"

"मला अंधारातच दिसतं. उजेड टोचतो डोळ्यांत. किती वेळा सांगायचं?"

बाई शाळेत गणित शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांची दृष्टी अधू होत गेली. आता स्क्रीन मंद ठेवून, काळ्यावर मोठी पिवळी अक्षरं घेतली तरच त्यांना वाचता यायचं. तशातही त्या एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीसाठी शब्दकोडं तयार करत. पांढऱ्या चौकोनांचा लखलखाट नको म्हणून कोड्याचे रंग उलटे करून काम करायचं आणि पाठवताना सुलटे करायचे, अशी त्यांची रीत होती.

अक्षरं एवढी मोठी केल्यावर स्क्रीनवर चारपाच चौकोनच मावत. अख्खं कोडं त्यांना एकदम दिसत नसे. म्हणून पाठवण्याआधी त्यावर शेवटची नजर काकांची. हे काम काका अंघोळ करून, शर्ट घालून करत. जन्मभर लोकांची घरं रंगवलेला माणूस. पांढऱ्याचे सात प्रकार नुसते बघून सांगतो, असं ते कुणी न विचारता सांगत. गेल्या वर्षी त्यांनी बाहेरची खोली स्वतः रंगवली होती. रंग दूधपांढरा. हल्लीचे रंग भेसळीचे, पिवळट असतात म्हणून त्यात मनाला येईपर्यंत निळा थेंब थेंब टाकला होता. पाहुणे खोलीत आले की क्षणभर गप्प होत आणि मग म्हणत, "गार वाटतं हं इथे."

तर त्या दिवशी बाईंनी ब्राइटनेस उतरवला, काकांनी चढवला, बाईंनी पुन्हा उतरवला. या ओढाताणीत चहा निवला आणि कोड्याचे रंग सुलटे केले की नाही, तेच बाईंना आठवेना.

"अहो, नीट बघा. काळं ते काळं आणि पांढरं ते पांढरं आहे ना?"

काका वाकले. नाक स्क्रीनला टेकलं. "दुधासारखं पांढरं. फर्स्ट क्लास! पाठव."

रविवारी सकाळी फोन सुरू झाले.

"बाई, अक्षरं लिहायची कुठे? आकडे काळ्या चौकोनांत आहेत!"

"बाई, आमच्या सासऱ्यांनी खडूनं भरायला घेतलंय. पेपर फाटला, आता माझ्यावर ओरडतायत."

शेवटी संपादकांचा आला. "बाई, कोडं पाठवण्याआधी कुणी बघतं की नाही?"

"आमचे हे बघतात."

"मग राग मानू नका, पण तुम्ही दोघांनी आता आराम करावा. पुढचं कोडं बघतो आणि ठरवतो."

बाईंनी फोन खाली ठेवला. कोडं गेलं तर आठवड्याचे सातही दिवस सारखेच होणार होते.

काका मात्र तावातावानं उठले. "या डबड्याचाच दोष आहे! उजेडच नाही त्यात. आत्ता दुरुस्त करून घेतो."

कॉम्प्युटर दुरुस्त करणारा आला. बाहेरच्या खोलीतून आत येताना भिंतीकडे बघून थबकला. मग आतल्या खोलीत कॉम्प्युटर सुरू करून त्यानं बटणं दाबली.

"काका, ब्राइटनेस पूर्ण आहे की."

"मग हे धुरकट का?"

"धुरकट? माझे डोळे दिपतायत."

"काच मळली असेल."

"पुसली आत्ताच."

बाई दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, या दुरुस्तीवाल्याच्या शर्टाचा रंग कोणता?"

"म्हणजे काय? साईसारखा. ही काय परीक्षा आहे?"

दुरुस्तीवाला हळूच म्हणाला, "काका, आकाशी आहे."

दुरुस्तीवाल्यानं पिशवी उचलली आणि पैसे न घेताच सटकला.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"झालं वर्षभर."

"आणि हे फर्स्ट क्लास, फर्स्ट क्लास?"

"तुझ्या हातून कधी चूक होत नव्हती. म्हटलं, बघायचं काय त्यात." काका खुर्चीत बसले. "घरात माझ्याकडे एवढं एकच काम उरलं होतं. दिसत नाही म्हटलं असतं, तर तेही गेलं असतं."

"म्हणजे तो ब्राइटनेस माझ्यासाठी नव्हताच!"

"थोडा तुझ्यासाठीपण होता."

बाईंना हसू आलं. "उठा. चपला घाला. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय. रस्ता मी दाखवते. दोघांचं मिळून एक माणूस होईल तेवढं तरी दिसेल."

डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू चांगलाच पिकलाय. बाईंचे डोळे सुधारण्यासारखे नव्हते, काकांचे होते. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा लावून काका घरी आले आणि पट्टी निघाल्याच्या दुसऱ्याच दिवशी शर्ट घालून कॉम्प्युटरसमोर बसले. संपादकांनी शेवटची संधी म्हणून मागितलेलं कोडं तयार होतं.

"अगं, केवढा हा उजेड! उतरव थोडा."

"तुमच्यासाठीच ठेवलाय पूर्ण."

काकांनी स्वतःच तो उतरवला, बाईंना चालेल इतका. कोडं दोनदा बघितलं. "चौदा आकडा दोनदा आलाय."

बाईंनी तपासलं. खरंच आला होता. त्यांना एवढा आनंद स्वतः बरोबर असताना कधी झाला नव्हता.

कोडं गेलं. काका ऐटीत बाहेरच्या खोलीत आले, काळा चष्मा काढला आणि ओरडले, "अगं ए! ही भिंत कुठल्या गाढवानं रंगवली? शाईच्या दौतीत बसल्यासारखं वाटतंय!"

आतून बाई शांतपणे म्हणाल्या, "मला निळी दिसायची खरी. पण तुम्ही दूधपांढरी म्हणालात. म्हटलं, माझेच डोळे."

काकांनी भिंतीवरून एकदा बोट फिरवलं. मग त्यांनी खोलीतला दिवा मालवला.

"उजेड जरा जास्तच आहे इथे," ते म्हणाले.