आढळलेला दोष

नोंदवहीतल्या ‘आढळलेला दोष’ या रकान्यात उशीनं सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी लिहिलं, ‘वैमानिकाला उडायची इच्छा नाही.’ खाली झोकदार सही ठोकली आणि ती हात धुवायला गेली.

उशी हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. पोरगी चणीनं लहान. विमानात बसली की समोर आभाळाऐवजी नुसते काटे आणि घड्याळं दिसायची. म्हणून घरून आणलेली एक चौकोनी उशी बगलेत मारून ती रोज विमानाकडे जायची, आणि पहिल्याच आठवड्यात तिचं नाव उशी पडलं ते पडलंच. तेव्हा तिला त्याचं हसू यायचं. आता कशाचंच येत नव्हतं.

कारण गेले तीन आठवडे ती सर्किट मारत होती. सर्किट म्हणजे उडायचं, चार वेळा डावीकडे वळायचं, जिथून उडालो तिथंच उतरायचं आणि चाकं टेकली न टेकली तोच परत उडायचं. खाली तेच शेत, तीच पाण्याची टाकी, टाकीवर चढलेला तोच माणूस. शेजारच्या सीटवर शिकवायला कॅप्टन. या कॅप्टनकडे एकूण दोनच शब्द होते. चुकलं तर ‘हं’, नाही चुकलं तर ‘परत’. म्हणजे चांगलं केल्याचं बक्षीस काय, तर तेच पुन्हा करा. दिवसाला अकरा सर्किटं करून खाली उतरलं की वहीत नोंद करायची, आणि दोषाच्या रकान्यात लिहायचं, ‘काही नाही.’ शाळेत आल्यापासून उशीनं सेहेचाळीस वेळा ‘काही नाही’ लिहिलं होतं. त्या दिवशी उडायच्या आधीच वही उघडून पेन टेकवलं आणि तिच्या मनात आलं, काही नाही कसं? खोटं किती दिवस लिहायचं?

राहायच्या खोलीत चार खाटा होत्या. दोघींच्या गाद्या गुंडाळून ठेवल्या होत्या, कारण दोघी आपापल्या घरी निघून गेल्या होत्या. फळ्यावर त्यांची नावं अजून तशीच होती, पुसायचाही कुणाला उत्साह नव्हता. उड्डाणशाळेच्या दोन विमानांपैकी एक गेल्या महिन्यात धावपट्टी सोडून चरात गेलं होतं. आतला मुलगा धड राहिला, विमान राहिलं नाही. त्यानं संध्याकाळच्या आत बॅग भरली. एकूण काय, निघून जाण्याची तिथं चांगली वहिवाट होती, आणि उशीनंही आपली बॅग खाटेखालून खाटेवर आणून ठेवली होती.

हात धुता धुता तिचा राग ओसरला. ‘चल, खोडून टाकू,’ असं मनाशी म्हणत ती परत आली, तर टेबलावर वही नव्हती.

वही मिस्त्रीकाकांकडे होती. एकतीस वर्षं विमानांची देखभाल केलेला माणूस. आपण तपासल्याशिवाय त्यांनी एका स्क्रूवर सही केली नव्हती, आणि हे ते दिवसातून एकदा तरी सांगत. आत्ता ते इंजिनाखाली उकिडवे बसून, हातात घड्याळ धरून, पत्र्याच्या ताटलीत पडणारे तेलाचे थेंब मोजत होते.

“दोन... तीन... झालं मिनिट. तीन थेंबांपर्यंत चालतं. मर्यादेत आहे,” ते म्हणाले आणि गुडघे धरून उठले. “गळणार तर सगळंच. किती गळतंय ते बघायचं. तुझी नोंद वाचली मी.”

“काका, ती चेष्टा होती हो.”

“चेष्टेचा रकाना नाहीये यात.”

“मी खोडते ना.”

“पानांवर नंबर आहेत. खाली दोन कार्बन आहेत. एक प्रत मघाशीच ऑफिसात गेली. आता दोष निघाल्याशिवाय विमान हलायचं नाही.” असं म्हणून त्यांनी खिशातून ‘उडवू नये’ असं लिहिलेली लाल पट्टी काढली आणि विमानाच्या नाकावरच्या पंख्याला बांधली. वर दोन गाठी मारल्या.

इथवर प्रश्न तिच्या एकटीचाच होता. पण तेवढ्यात लंबू धावत आला. लंबू म्हणजे तिच्याबरोबरचा विद्यार्थी, साडेसहा फूट, ज्याला विमानात बसायला उशी नव्हे, तर गुडघे काढून ठेवायची सोय हवी होती. दहा वाजता त्याची शेवटची परीक्षा होती. परीक्षक दोन महिन्यांतून एकदा यायचे. ते आलेही होते, आणि बॅग मांडीवर घेऊन ऑफिसात बसले होते.

“विमानाला काय झालंय?” लंबूनं विचारलं.

“विमानाला काही नाही,” मिस्त्रीकाका म्हणाले. “हिला झालंय.”

लंबूनं नोंद वाचली. तो पायरीवर बसला. त्याचा रंग उडालाय की त्याला सुटल्यासारखं वाटतंय, हे त्या चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता.

मग कॅप्टन आले. त्यांनी वही वाचली, उशीकडे पाहिलं आणि म्हणाले, “हं.”

“सर, सॉरी. मी फक्त...”

“मिस्त्री, खोडा हे.”

“मी नाही खोडणार. तुम्ही खोडा आणि खाली तुमची सही करा. उद्या काही झालं की पहिलं पान हेच उघडतील.”

उद्या काही झालं की, हे तीन-चार शब्द त्या शाळेत फार जोरकस होते. चरातलं विमान समोरच ताडपत्रीखाली पडलं होतं. कॅप्टननी पेन खिशात परत ठेवलं. खिडकीतून परीक्षकांनी विचारलं, “विमान आहे का नाही?” कॅप्टन म्हणाले, “आहे, आहे. किरकोळ दुरुस्ती.” आणि मग त्यांनाच एक तोड सुचली. खराब भाग असला की काय करतात? काढतात. काढलेल्या भागाला पिवळी चिठ्ठी लावून तो कपाटात ठेवतात आणि वहीत लिहितात, ‘सदोष भाग काढून टाकला.’ दोष मिटला, विमान मोकळं.

“सदोष भाग म्हणजे... मी?” उशीनं विचारलं.

“तसंही तुझी इच्छा नाहीये ना?” कॅप्टन म्हणाले. ते चिडून बोलत नव्हते, आणि तेच जास्त वाईट होतं. “नाव कमी करतो. दुपारच्या बसनं घरी. रीतसर. घरच्यांना एक फोन करावा लागतो, नियम आहे.”

फोन स्पीकरवर लावला. पलीकडून हॉस्पिटलचा गोंगाट आणि उशीच्या आईचा आवाज आला. “लवकर बोला हो, मी ड्युटीवर आहे.”

“आपल्या मुलीला उडायची इच्छा राहिलेली नाही. तसं तिनं लेखी दिलंय. त्यामुळे विमानाला लाल पट्टी लागलीय.”

“बरं. मग?”

“मग म्हणजे... तुम्हाला काही म्हणायचंय का?”

“अहो, सव्वीस वर्षं वॉर्डात काढली मी. इच्छा फक्त पहिल्या दिवशी होती, आणि त्याच दिवशी दोन पेशंटांची औषधं अदलाबदल केली. बरं तर बरं, मोठ्या सिस्टरनी वेळेत पकडलं. पुढं इच्छा गेली आणि मी कामाकडे बघायला लागले. मला कुठं कुणी पट्टी बांधली? तिला द्या जरा.”

उशीनं स्पीकर बंद करायला बटण शोधलं, ते सापडेना. सगळ्यांच्या देखतच ती म्हणाली, “आई, मला घरी यायचंय.”

पलीकडे ट्रॉलीची चाकं वाजली. “ये की. किल्ली शेजारी ठेवलीय. पण ठरवून ये, वैतागून नको येऊस. वैतागून आलेलं माणूस घरी आल्यावरही वैतागलेलंच राहतं, मी तुझ्या बाबांना बघितलंय. ठेवते. पाच नंबर ओरडतोय.”

कॅप्टननी पिवळी चिठ्ठी पुढं केली. तीन आठवडे जे हवं होतं ते सहीच्या अंतरावर होतं. पेन हातात आलं, पण उशीनं ते टेकवलं नाही. आपण निघून जाणं वेगळं आणि पोटाला चिठ्ठी लावून कपाटात ठेवलं जाणं वेगळं. पण नको म्हणायलाही काही हक्क उरला नव्हता, आपल्याच अक्षरात लिहिलेलं समोर होतं. तिचे डोळे भरून आले आणि चिठ्ठीवरचा रकाना दिसेनासा झाला.

“थांबा,” मिस्त्रीकाका म्हणाले. “तपासल्याशिवाय मी भाग काढत नाही.”

“मिस्त्री, साडेनऊ वाजलेत!”

“मग लवकर तपासतो.” त्यांनी चष्मा लावला, वही गुडघ्यावर घेतली आणि इंजिनाला विचारावं तसं उशीला विचारायला सुरुवात केली. “दोष कधीपासून आहे?”

“तीन आठवडे.”

“थंड असताना जास्त का गरम झाल्यावर?”

“सकाळी गजर वाजला की सगळ्यात जास्त. चालत येताना पण असतो. उशी सीटवर ठेवताना तर रडूच येतं.”

“इंजिन सुरू झाल्यावर?”

“असतो.”

“धावपट्टीवर पळताना?”

“असतो... थोडा.”

“चाकं जमिनीवरून सुटली की?”

उशीनं विमानाच्या चाकांकडे पाहिलं. “माहीत नाही. लक्ष नसतं तेव्हा.”

“हे जमिनीवर बसून कळायचं नाही,” मिस्त्रीकाका म्हणाले. “उडवून बघावं लागेल. चाचणीपुरती परवानगी असते. आणि सही माझी, तेव्हा मी मागं बसणार.”

एकतीस वर्षांत मिस्त्रीकाका एकदाही विमानात बसले नव्हते. विमानात कुठली कुठली वस्तू निकामी होऊ शकते, हे ज्याला पाठ आहे, तो बसेल कशाला?

लाल पट्टी तात्पुरती सोडली. उशीनं उशी ठेवली, कॅप्टन शेजारी उजवीकडे बसले, आणि मागच्या सीटवर मिस्त्रीकाका पट्टा इतका आवळून बसले की त्यांना श्वास घ्यायलाही परवानगी लागावी. डोळे गच्च मिटलेले, एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातात वही.

“दोष गेला की ‘गेला’ म्हण. आला की ‘आला’.”

विमान पळालं, नाक उचललं गेलं, चाकांची खडखड थांबली. शेत खाली गेलं, टाकी खाली गेली, टाकीवरच्या माणसानं मान वर केली.

“गेला,” उशी म्हणाली. तिचं तिलाच नवल वाटलं.

मागं घड्याळाचं बटण वाजलं. पहिलं वळण झालं, दुसरं वळण सुरू झालं आणि तिला आठवलं, अजून दोन वळणं, मग उतरायचं, मग परत. “आला.”

“अर्धं मिनिट,” मिस्त्रीकाका डोळे न उघडता म्हणाले. “आणि कॅप्टन, तुमचं?”

“माझा काय संबंध?”

“पुढं वैमानिक दोन बसलेत. इंजिनाला ठिणगी देणारे मॅग्नेटो दोन असतात, दोष तपासताना दोन्ही तपासतो मी, एक नाही.”

कॅप्टन बाहेर बघत राहिले. तिसरं वळण आलं आणि गेलं. मग ते अगदी हळू म्हणाले, “अकरा वर्षं झाली.”

“मध्ये जातो का?”

“हिनं आत्ता जमीन सोडली तेव्हा... गेला होता थोडा.”

“किती वेळ?”

“मोजलं नाही.”

उशीनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. “पुढं बघ,” कॅप्टन म्हणाले. विमानात तिच्याशी बोलताना ‘हं’ आणि ‘परत’ सोडून त्यांनी उच्चारलेले हे पहिलेच शब्द, आणि तेही एक नव्हे, दोन. उतरताना विमान एकदा उसळलं आणि मागून एक लांबलचक “आई गं” ऐकू आलं.

मिस्त्रीकाकांचे पाय जमिनीला लागले, तरी ते दोन मिनिटं पंखाला धरून उभे होते. मग त्यांनी वही पंखावरच ठेवली आणि लिहिलं, ‘दोष तपासला. दोष आहे. जमिनीवर जास्त, चाकं सुटल्यावर अर्धं मिनिट नाहीसा होतो. मर्यादेत. भाग काढण्याची गरज नाही. उजव्या सीटवर हाच दोष जुनाट स्वरूपात, तोही मर्यादेत. उड्डाणास योग्य.’ आणि सही.

कॅप्टननी वाचलं. “उजव्या सीटचं खोडा.”

“पानांवर नंबर आहेत,” मिस्त्रीकाका म्हणाले.

दहा वाजता परीक्षक बॅग घेऊन बाहेर आले. लंबू गुडघे दुमडत विमानात शिरताना उशीच्या कानात पुटपुटला, “मला वाटलं होतं आज वाचलो.” आणि दार लागलं.

उशी पायरीवर बसून राहिली. शेजारी मिस्त्रीकाका तेलाची ताटली पुसत होते. “काका, तुमची इच्छा आहे का हो? या कामाची?”

“माझा रकाना नाही त्या वहीत,” ते म्हणाले आणि पुसत राहिले.

पिवळी चिठ्ठी अजून तिच्या खिशात होती, कोरी. दुपारची बस गेली तेव्हा तिनं हॉर्न ऐकला. आईनं सांगितल्याप्रमाणे ती ठरवत होती, पण ठरेपर्यंत अडीच वाजले आणि कॅप्टन समोर येऊन उभे राहिले. त्यांनी हातातल्या कागदावर पाहिलं, आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाले, “परत.”

अकरा सर्किटं झाली. उशीनं अकरा वेळा जमीन सोडली आणि दर वेळी दोष परत येईपर्यंतचे सेकंद मनातल्या मनात मोजले. तीस, अठ्ठावीस, एकतीस. एकदा नुसतेच सहा, कारण कॅप्टन ‘हं’ म्हणाले होते. संध्याकाळी पाचला ती टेबलाशी बसली आणि दोषाच्या रकान्यात तिनं लिहिलं, ‘इच्छा नाही. मर्यादेत.’

मिस्त्रीकाकांनी चष्मा पुसला, ओळ वाचली, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा काहीही न तपासता सही केली.