फाटले तर नवे

दाराजवळच्या फळीवर त्या सकाळी सात बूट होते. बाबांचे दोन, आईचे दोन, थोरलीचे खेळाचे दोन आणि शाळेचा काळा एक. बाबांनी ते डावीकडून मोजले, उजवीकडून मोजले, मग वाकून फळीखाली हात फिरवला. हाताला धूळ लागली, बूट लागला नाही. घरात पाय आठ आणि बूट सात, हे काही त्यांच्या पचनी पडेना.

आठवा सापडला न्हाणीघरात. काठोकाठ भरलेल्या बादलीच्या तळाशी तो बसला होता, आणि तरंगून वर येऊ नये म्हणून त्याच्या पोटावर वीट ठेवलेली होती. वीट पाहून बाबांच्या लक्षात आलं, की हे चुकून झालेलं नाही. रागवायच्या आधी क्षणभर त्यांना ते आवडलंच. विचार करून केलेलं काम कुठेही दिसलं की त्यांना बरं वाटायचं.

"कुणाचा उद्योग हा?"

"माझा," धाकटी दारातून म्हणाली. ती दहा वर्षांची होती आणि खोटं बोलायचा तिला कंटाळा होता. "रात्रभर ठेवलाय. एकच बुडवला. दुसरा कोरडा ठेवलाय, फरक कळायला."

बाबा बिजागऱ्यांच्या कारखान्यात तपासनीस होते. दाराची सतत उघडझाप करणारं एक यंत्र त्यांच्या ताब्यात होतं. नवी बिजागरी त्यावर चढवायची आणि ती कधी कुरकुरते याची वाट बघत बसायचं, हे त्यांचं काम. अशा माणसाच्या पोरीने एक नमुना कोरडा बाजूला ठेवलेला! त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते लपवायला त्यांनी तोंड बादलीकडे वळवलं. बूट उपसला, पाणी ओतलं, तळ वाकवला, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि तो तसाच ठिबकता घेऊन स्वयंपाकघरात आईकडे गेले.

"बघ! रात्रभर पाण्यात! एक टाका हललाय का, सांग!"

"अहो, ओट्यावर ठिबकतंय ते."

"पण टाका हललाय का?"

"नाही हलला. बूट महान आहे. आता खाली घ्या."

धाकटीचा चेहरा पडला होता. बाबांना तो दिसला नाही. ते बूट बघत होते.

त्या बुटांवर त्यांचा जीव होता. दोन वर्षांपूर्वी थोरलीसाठी ते निवडताना त्यांनी सगळा बाजार पालथा घातला होता. समोर आलेला प्रत्येक बूट त्यांनी पिळला, हुंगला, फरशीवर घासला. शेवटच्या दुकानदाराने हात जोडून विचारलं होतं, "साहेब, मुलीला शाळेत घालायचेत की लढाईवर पाठवायचंय तिला?" थोरलीने त्या बुटांनी दगड उडवले, कुंपणं ओलांडली, चिखल तुडवला. बूट जसेच्या तसे. आता दोन वर्षं झाली म्हणून थोरलीला नवे घ्यायचे आणि हे धाकटीकडे जायचे, असं ठरलं होतं.

धाकटीकडे सगळंच असं यायचं. दप्तर थोरलीचं, रेनकोट थोरलीचा, पट्टीवर कोरलेलं नाव थोरलीचं; इतकंच काय, वर्गशिक्षकही थोरलीने वर्षभर वापरून मागच्यांसाठी सोडलेले. यंदा तिचं एकच मागणं होतं. "ज्यात आधी कुणाची बोटं बसलेली नाहीत, असे बूट मला हवेत."

"फाटले तर नवे," बाबांनी नियम सांगितला होता. "धडधाकट बूट टाकायचे म्हणजे त्यांचा अपमान आहे."

"आणि बोचले तर?"

"बोचणार नाहीत." बाबांनी कपाटाचं दार उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने काढलेला आलेख होता: थोरलीच्या पावलाची दर वर्षाची लांबी, ठिपक्याला ठिपका जोडून चढत गेलेली रेषा. "ही ताई. तू याच रेषेवर तिच्यामागे दोन वर्षं आहेस. ताईला हे बूट दोन वर्षांपूर्वी जरा मोठे होत होते. म्हणजे तुला आत्ता जरा मोठे होणार. यात शंकेला जागाच नाही."

धाकटीचा पाय मोजून बघावा असं कुणाच्या मनात आलं नाही. रेषा होती ना.

धाकटीने थोडा विचार केला आणि अगदी साळसूदपणे विचारलं, "बाबा, बूट मुळात फाटतात कुठून?"

घरात असा प्रश्न बाबांना आजवर कुणी विचारला नव्हता. ते मांडी घालून बसले. बूट मांडीवर घेतला. पाणी शिवणीतून शिरतं आणि डिंक सोडवतं, हे सांगितलं. टोक घासून झिजतं, तळ वाकतो तिथे चीर पडते, हे सांगितलं. जोर कुठे सगळ्यात जास्त बसतो हे समजावताना ते दारापाशी गेले आणि म्हणाले, "दाराच्या मोकळ्या कडेला काही अडकलं तर निभावतं. बिजागरीच्या बाजूला अडकलं, तर मात्र काहीतरी मोडणारच." धाकटी कान देऊन ऐकत होती. पोरगी आपल्यावर गेली, असं त्यांनी रात्री आईला दोनदा सांगितलं. त्याच रात्री बूट बादलीत गेला.

बादली फुकट गेल्यावर धाकटी गल्लीच्या उतारावर सायकल घेऊन गेली आणि बुटाचं टोक रस्त्याला टेकवून ब्रेक लावू लागली. परत आली तेव्हा तिचे केस उभे होते आणि बूट चकाकत होता.

"काय झालं?" आईने विचारलं.

"रस्ता झिजला," धाकटी म्हणाली.

उरली बिजागरीची बाजू. न्हाणीघराचं दार त्यासाठी उत्तम होतं, कारण थोरली ते नेहमी आदळायची. म्हणजे जोर आयता मिळणार होता. थोरली डोकं धुवायला आत शिरतेय एवढ्यात धाकटीने मागून बूट बिजागरीच्या फटीत सरकवला आणि दोन पावलं मागे सरून उभी राहिली.

थोरलीने दार आदळलं. ते मिटेना. तिने पुन्हा आदळलं. मग तिने बारा वर्षांच्या अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून खांदा दिला. कड्ड असा आवाज झाला, चौकटीतून स्क्रू टपटप गळाले आणि दार तिरकं होऊन चौकटीत घट्ट रुतून बसलं.

"आई! दार वाकडं झालंय! मी आत आहे!"

आई दवाखान्यात एक्स-रे काढायची. घाबरली की तिच्या तोंडून सवयीचंच निघायचं. ती धावत आली आणि ओरडली, "हलू नकोस! श्वास धरून ठेव!"

"किती वेळ?"

"म्हणजे श्वास घे गं! पण हलू नकोस!"

बाबांनी फटीत पाना घालून दार उचकटलं. थोरली डोक्यावर साबणाचा डोंगर घेऊन बाहेर आली आणि कुणाशीही न बोलता स्वयंपाकघरातल्या नळाकडे गेली. बाबा मात्र चौकटीपाशी गुडघ्यांवर बसले होते. बिजागरी त्यांच्याच कारखान्याची होती, त्यांनीच पास केलेली.

"बिजागरीला ओरखडासुद्धा नाही," ते शेवटी म्हणाले. "स्क्रू निघालेत. स्क्रू आमचे नसतात."

"पोरीच्या अंगावर दार पडलं असतं, तर तिला हेच सांगणार होता का?"

त्यांचं लक्ष आता बुटाकडे होतं. बूट चेमटून पार चपटा झालेला. सगळ्यांच्या देखत त्याने हळूहळू श्वास घेतल्यासारखं केलं, एक बाजू फुगली, मग दुसरी, आणि तो होता तसा झाला. बाबांचा ऊर भरून आला.

"बिजागरीला पुरून उरला," ते पुटपुटले.

तेव्हा धाकटीचा बांध फुटला. ती तिथेच ओल्या फरशीवर बसली. "तो फाटतच नाही! मी काय करू? बोचतो हो बाबा तो, खरंच बोचतो!"

"पाण्यात ठेवलास म्हणून आखडला असेल."

"कोरडापण तेवढाच बोचतो. म्हणून तर एक कोरडा ठेवला होता!"

या उत्तरावर कारखान्यात बाबांनी काम थांबवलं असतं. पण बोलणारी पोर सकाळपासून बुटाच्या जिवावर उठलेली होती, आणि फिर्यादीच जेव्हा आरोपी असतो तेव्हा चांगला पुरावाही वाया जातो. "बघू," एवढंच ते म्हणाले.

"बघू नाही," आई म्हणाली. "उद्या शाळा आहे. थोरलीचे बूट आणायचेत. सगळे चला, या घरात आणखी काही मोडायच्या आत."

चौघं निघाले. धाकटीच्या पायात तेच बूट होते, एक कोरडा, एक ओला. रस्ताभर तिचं एक पाऊल टक वाजत होतं आणि दुसरं पचक.

दुकानदाराने बाबांना लांबूनच ओळखलं. "या साहेब, या. फरशी आत्ताच पुसलीय. घासा."

बाबांनी खिशातून एक काठी काढली. कपाटावरची रेषा त्यांनी यंदापर्यंत पुढे ओढली होती, त्यातून थोरलीच्या पावलाची लांबी काढली होती आणि त्यात अंगठ्याएवढी मोकळीक धरून काठी कापली होती. ही काठी बुटात टाच ते टोक बसली, की बूट बसला. मुलीचा पाय मध्ये आणायची गरजच नव्हती. त्यांनी बूट पिळले, हुंगले, घासले. शेवटी एक जोडी सगळ्यातून पार पडली. काठी आत अगदी गपकन बसली.

"झालं. घाल गं."

थोरलीने बूट घातले आणि चालायला लागली. थोरली पुढे आली. बूट मागेच राहिला.

"नाडी आवळ."

नाडी आवळली. आता बूट पुढे आला, पण थोरली वळली तेव्हा तो वळला नाही.

"ताई, वळायचं असलं तर बुटाला आधी कळवत जा," दुकानदार म्हणाला.

बाबांनी काठी पुन्हा आत घातली. "काठी बरोबर आहे."

"मग पोरगी चुकीची आहे का?" आईने विचारलं.

थोरलीने वैतागून नवे बूट काढले आणि अनवाणी उभी राहिली. धाकटीने तोवर आपले जुने काढून ठेवले होते. तिच्या पायांची बोटं टोकाशी लाल झाली होती. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि गुपचूप नव्यात पाय सरकवले. उभी राहिली. दुकानाच्या दारापर्यंत गेली, परत आली. टक नाही, पचक नाही. मग तिने अशा आवाजात सांगितलं, की दुसऱ्या गिऱ्हाइकानेही मान वळवली.

"बाबा, यात माझी बोटं हलतात."

फरशी गार होती म्हणून थोरलीने पाय समोर पडलेल्या जुन्या बुटांत घातले आणि सहज म्हणाली, "हे तर मला अजून नीट होतात."

बाबांनी काठी खाली ठेवली.

"कधीपासून?" बाबांनी विचारलं.

"कायमच होत होते."

"मग बोलली का नाहीस?"

"मला कुणी विचारलं? तुम्ही काठीला विचारलंत." थोरलीने क्षणभर खाली पाहिलं. "आणि मला नवे मिळत होते ना."

बाबांनी खिशातून पोलादी पट्टी काढली. धाकटीची टाच भिंतीला लावली, वाकून आकडा वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. मग थोरलीचा पाय मोजला. मग पुन्हा धाकटीचा.

"तू सांगत होतीस," ते म्हणाले.

"हो."

"कोरडा नमुनाही ठेवला होतास."

"हो."

"आणि मी बघितला नाही." ते उठले आणि दुकानदाराकडे वळले. लाज वाटायला हवी होती हे त्यांना कळत होतं, पण चेहरा काही ऐकेना. "दहा वर्षांची आहे! मी सगळ्यांना रेषेवरून सांगत फिरतोय, आणि हिने एक ओला, एक कोरडा ठेवून मला खोटं पाडलं! आमच्याकडे नवीन आलेल्या पोरांना हे शिकवायला वर्ष जातं!"

"वा," दुकानदार म्हणाला. ओला काय, कोरडा काय, त्याला काहीच कळलं नव्हतं. "बांधून देऊ?"

"बांधू नका," धाकटी म्हणाली. "मी घालूनच जाणार आहे."

परतताना ती सगळ्यांच्या पुढे चालत होती, पायाकडे बघत, आणि त्यामुळे एका खांबाला धडकली. तेव्हाही तिने आधी बूट तपासले. मागून थोरलीची पावलं येत होती. टक, पचक. टक, पचक.

"म्हणजे आता मी धाकटीचे जुने बूट घालायचे?"

"तुझेच आहेत ते," बाबा म्हणाले.

"होते. मी तिला देऊन टाकले होते."

"बरोबर होतात, धडधाकट आहेत. फाटले तर नवे. नियम म्हणजे नियम."

थोरलीचा आवाज एकदम गोड झाला. "बाबा, बूट मुळात फाटतात कुठून?"

बाबांनी तोंड उघडलं. आईने त्यांचा दंड धरला आणि त्यांनी ते मिटलं.

घरी आल्यावर बाबांनी कपाटाचं दार उघडलं. पुढे ओढलेली रेषा त्यांनी रबराने पुसली आणि पेन्सिल धाकटीच्या हातात दिली. तिचा तिथे आजवर एकही ठिपका नव्हता. तिने जीभ बाहेर काढून, पट्टी तीनदा लावून दोन ठिपके काढले आणि शेजारी आकडे लिहिले.

थोरली, दोनशे एकोणीस मिलिमीटर. धाकटी, दोनशे अठ्ठावीस.