ऐतिहासिक चिनी मोदक

कोणताही रस्ता आपोआप ऐतिहासिक होत नाही. त्यासाठी नगरपालिकेचा ठराव लागतो.

जर्मनीतल्या एर्लांगेनजवळच्या एका गावाला हे फार उशिरा कळलं. (गावाचं नाव देत नाही, तिथे अजून ओळखीची माणसं राहतात.) या गावात दगडी फरशीची एक देखणी फुसगेंगरत्सोन आहे. म्हणजे असा बाजाररस्ता, जिथे मोटारींना बंदी असते आणि माणसं येत नाहीत. चष्म्याचं, कानयंत्रांचं आणि अंत्यविधीचं, अशी गिऱ्हाइकाची क्रमाने काळजी घेणारी तीन दुकानं चालू आहेत. बाकी गाळे रिकामे.

गावाचा ज्या चिनी गावाशी मैत्रीकरार आहे, तिथली जुनी बाजारगल्ली मात्र ओसंडून वाहते. लाल कंदील, वाकडी छपरं, चहा, पंखे, आणि पाय ठेवायला जागा नाही. तेव्हा मैत्री-सप्ताहात रिकाम्या गाळ्यांतून हुबेहूब तीच गल्ली उभारायची आणि सर्वोत्तम दुकानदाराला गाळा वर्षभर मोफत द्यायचा, असं ठरलं. कंदील आले. पुठ्ठ्याची छपरं चढली. फक्त चिनी माणसं मिळेनात.

म्हणून सांस्कृतिक कार्यालयाच्या फ्राउ क्रेमर गावात राहणाऱ्या मल्हार आणि वैभवी या जोडप्याच्या घरी आल्या.

"आम्ही पुण्याचे," मल्हारने सांगितलं.

"गेनाऊ! अगदी बरोबर!" त्या आनंदाने म्हणाल्या. "आशिया!"

(पुणं आशियात आहे, हे मल्हारच्या आजवर कधी लक्षात आलं नव्हतं.)

मल्हार नाही म्हणणार, तोच वैभवी हो म्हणाली. लग्न होऊन इथे आल्यापासून ती जर्मनच्या परीक्षा पास होत होती आणि मुलाखतींत नापास. त्या गाळ्यात तिला स्वतःचं दुकान दिसायला लागलं होतं. शिवाय उकडीचे मोदक चिनी डम्पलिंग म्हणून विकले, तर फरक सांगू शकेल असं या दोघांखेरीज माणूस पंचक्रोशीत एकच होतं, आणि तेही घरातच: पुण्याहून आलेल्या सासूबाई, अरुंधतीबाई.

"अगं, हा बाप्पाचा नैवेद्य. त्याला चिनी म्हणायचं?"

"आई, आठवडाभरच. अहो, तुम्ही सांगा ना आईंना."

(सासूबाई समोर असल्या की मल्हार 'अहो' असतो, एरवी 'मल्ह्या'.)

"मी यात नाही," असं म्हणत अहो नारळ खोवायला बसले.

'ऐतिहासिक चिनी मोदक' या पाटीपुढे रांग लागली. लोक शेंडी धरून मोदक उचलत आणि सोया सॉसमध्ये बुडवत. अरुंधतीबाई डोळे मिटून घेत आणि पुढची पारी करायला घेत.

शेवटच्या दिवशी चीनमधल्या त्या मूळ गल्लीच्या व्यवस्थापक मादाम शू स्वतः पाहुण्या म्हणून आल्या. त्यांनी मोदक खाल्ला, सावकाश संपवला. सोबतचा दुभाषी म्हणाला, "मादाम विचारतायत, हा पदार्थ कुठला?"

फ्राउ क्रेमर पांढऱ्या पडल्या. (हे ओळखायला थोडा सराव लागतो.) गाळा हातचा गेला, हे वैभवीला कळून चुकलं.

अरुंधतीबाईंनी पदराला हात पुसले. "इंडिया. पुणे. गणपती बाप्पा," त्या ठणठणीत आवाजात म्हणाल्या. "चायना नाही. सॉस पण नाही."

मादाम शूंनी वर कंदिलांकडे, मग पुठ्ठ्याच्या छपरांकडे पाहिलं आणि त्या हसल्या. "घाबरू नका," दुभाष्याने सांगितलं. "मादाम म्हणतात, आमचीही गल्ली सहाशे वर्षं जुनी आहे. २००९ साली बांधली."

मग त्यांनी कृती मागितली. अरुंधतीबाईंनी त्यांना शेजारी बसवून कळ्या पाडायला शिकवलं. तिसऱ्या मोदकाला "हं, जमतंय" असंही म्हणाल्या, जे वैभवीला अजून ऐकायला मिळालेलं नाही.

गाळा वैभवीलाच मिळाला. (कंदिलांचा करार वर्षभराचा असल्याने मोदक चिनीच ठेवावा, अशी अट आहे. ती पाटीपुरती पाळली जाते.) सॉस बंद झाला, तूप सुरू झालं.

चीनमधल्या गल्लीतही आता मोदक मिळतो, 'सहाशे वर्षांची परंपरा' या पाटीखाली. तिथे सहलीला गेलेल्या पुण्याच्या एका काकांनी त्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर लिहिलं: "चीनच्या प्राचीन बाजारात आजही मोदक! आपली संस्कृती कुठवर पोचली होती पाहा. अभिमान वाटत असेल तर पुढे पाठवा."

अरुंधतीबाईंनी लगेच खाली लिहिलं, "अहो, तो गेल्या वर्षी मीच शिकवलाय."

पण तोवर तुम्ही हात जोडून तो फोटो पुढे पाठवलासुद्धा होता.