कैफियत अर्जातल्या चिरंजीवांची, जे पहाटे पाचास उठत

ज्या ज्या घरांतून कोणी परमुलखी विद्येस निघाले आहे, त्या घरच्या थोरांस दंडवत आणि निघणारांस आशीर्वाद, उपयोग होवो न होवो. हुजुरांनी पुसले की, चिरंजीवांस वसतिगृहाची खोली कैसी मिळाली आणि त्यापायी सारे घर तीन आठवडे कैसे जेर जाहले, ते यथास्थित लिहावे. त्यास हकीकत ऐसी जे,

चिरंजीव, वय वर्षे अठरा, अंथरुणाचे निस्सीम भक्त. दहापूर्वीचा सूर्य त्यांनी फक्त भूगोलाच्या पुस्तकात पाहिलेला. त्यांच्या खोलीत खुर्चीवर कपड्यांचा दुर्ग रचिला होता आणि त्याची तटबंदी ऐसी बळकट की, आत खुर्ची आहे हे घरातील जुन्या जाणत्यांसच ठाऊक. ऐसे असता परमुलखीच्या विद्यापीठाने त्यांस प्रवेश दिला आणि ईमेलाने खलिता धाडला की, एका खोलीत दोघे राहतील, सबब आपले राहणे-वागणे आज सायंकाळपर्यंत अर्जात खरे खरे कळवावे, त्याजोगा सोबती नेमू, आणि एकदा नेमिला तो वर्षभर बदलणार नाही.

खलिता दाखल जाहला तेव्हा दुपारचे बारा वाजले होते आणि चिरंजीव निद्रेत होते. पासवर्ड मातोश्रींस ठाऊक होता, कारण तो मातोश्रींनीच ठेविला होता. मग मातोश्रींनी चष्मा चढविला आणि अर्जावर चालून गेल्या आणि उठण्याची वेळ पुसली तेथे पहाटे पाच लिहिले आणि नीटनेटकेपणा पुसला तेथे अत्यंत लिहिले आणि छंद पुसले तेथे वाचन, व्यायाम व घरकामात मदत ऐसे लिहिले. तीर्थरूप, जे कचेरीत हेडक्लार्क आणि घरी नुसते क्लार्क, पाठीमागून हळूच म्हणाले, "अगं, हा कुणाच्या मुलाचा अर्ज भरतेयस?"

मातोश्री म्हणाल्या, "तिकडे याला उठवायला कोण आहे? निदान सोबती तरी पाचला उठणारा मिळू दे."

 अर्ज रवाना जाहला.

आठव्या दिवशी उत्तर आले. सोबती नेमिला तो तिसऱ्याच मुलखाचा, पहाटे साडेचारास उठणारा, मितभाषी, अंथरुणाची घडी चौकोनी घालणारा. चिरंजीव ते वाचून पांढरे पडले आणि पुसते जाहले, "आई, हा माणूस आहे की अलार्म?" वडील भगिनी, जी घरातील जासूद, म्हणाली, "घाबरतोस काय? तो उठेल तेव्हा तू झोपायला निघालेला असशील. भेटच व्हायची नाही तुमची."

आता खरे सांगून अर्ज मागे घ्यावा तर खोली जाते, न सांगावे तर वर्षभर साधुपुरुषाशेजारी उघडे पडावे. मसलत बसली आणि तीर्थरूपांनी फर्मान काढिले की, अर्ज बदलत नाही, सबब चिरंजीव बदलावे.

मग मोहीम उभी राहिली. पहाटे पाचास तीर्थरूप ओला टॉवेल घेऊन चालून जात आणि चिरंजीव पांघरुणाच्या किल्ल्यात दरवाजे लावून बसत आणि मग तीर्थरूप पंखा बंद करून रसद तोडीत. पहिल्या आठवड्यात शिकस्त खाल्ली, कारण तीर्थरूप वेढा घालता घालता तेथेच निजले. दुसऱ्या आठवड्यात खुर्चीवरील दुर्ग काबीज जाहला आणि आतून चार टॉवेल, एक शाळेचा डबा आणि खुर्ची हाती लागली. डबा उघडण्याचे धाडस कोणी केले नाही. तिसऱ्या आठवड्यात चिरंजीव पाचास उठून बसू लागले. डोळे मिटलेले असत, परंतु बसणे ते बसणेच, ऐसे या दफ्तराचे मत.

निघण्यास चार दिवस उरता सोबत्याची व्हिडिओ कॉलवर गाठ पडली. चिरंजीव भांग पाडून, मागे पुस्तके मांडून बसले. समोर सोबतीही भांग पाडून, मागे पुस्तके मांडून बसलेला. दोघे बहुत अदबीने हवापाण्याचे बोलले. इतक्यात सोबत्याचा फोन कलंडला आणि पलीकडे खुर्ची असावी तेथे दुर्ग दिसला, तटबंदी शाबूत. आणि मग एक बाई आत आली आणि तिने उष्टा कप उचलिला आणि आपल्या भाषेत सोबत्यास बराच वेळ काही सुनाविले. भाषा कोणास उमगली नाही. मातोश्रींस शब्दन् शब्द उमगला.

"अगंबाई," मातोश्री म्हणाल्या, "तो अर्ज हिनं भरलाय."

हे जाणून चिरंजीवांस परम संतोष जाहला. वर्षभर दहापर्यंत निजण्याचे राज्य त्यांनी मनोमन स्थापिले आणि त्यावर तेथेच एक जांभई दिली. पलीकडून सोबत्यानेही दिली.

परंतु मातोश्रींनी फोन आपल्या हाती घेतला आणि तिकडील बाईने तिकडला घेतला आणि दोघींनी मोडक्या इंग्रजीत व उरलेले हातवाऱ्यांनी अर्धी घटका खलबत केले. दोन्ही चिरंजीवांस आत येण्याची परवानगी नव्हती. तह ठरला तो ऐसा की, सोम, बुध, शुक्र या मातोश्रींनी आणि मंगळ, गुरु, शनि त्या मातोश्रींनी ऐन पाचास फोन करून दोघांसही उठवावे. रविवारी दोघींनी.

येणेप्रमाणे खोली हस्तगत जाहली. लढले चिरंजीव, फत्ते मातोश्रींची जाहली आणि अर्जातील उठण्याची वेळ खरी ठरली, ऐसी नोंद दफ्तरी करून ठेविली असे.